नावाची पाटी आणि रियाजाचे तास

(डॉ. अशोक दा. रानडे यांच्या स्मरणार्थ पौड, ता. मुळशी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगीताचा एखादा प्राध्यापक निवृत्त झाला किंवा आपल्यातून गेला, की त्याचे विद्यार्थी एकत्र जमतात. वर्गणी निघते, विद्यापीठाकडे रक्कम सुपूर्द होते आणि सरांच्या किंवा बाईंच्या नावाने शिष्यवृत्ती जाहीर होते. पहिल्या वर्षी सभागृह भरलेले असते, जुन्या आठवणी निघतात, डोळे पाणावतात. चार-सहा वर्षांनी धनादेश, शाल, श्रीफळ आणि वर्तमानपत्रातला छोटा फोटो एवढेच उरते. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलीला विचारले, की ज्यांच्या नावाने ही मिळाली त्यांनी काय केले, तर तिला धड सांगता येत नाही. दोष तिचा नाही. आपण तिला नाव दिले, काम दिलेच नाही.

आज मला एकच प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. ज्या माणसाने आयुष्य संगीत शिकवण्यात आणि संगीताचा विचार करण्यात घालवले, त्याच्या नावाने शिष्यवृत्ती द्यायची तर ती कशी असावी? माझे उत्तर सुरुवातीलाच सांगते. संगीतात पैशाने विकत घेता येते अशी खरी मोलाची गोष्ट एकच, ती म्हणजे वेळ. रियाजाचा वेळ, गुरूपाशी बसण्याचा वेळ, चुकून पुन्हा सुरुवात करण्याचा वेळ. विद्यार्थ्याला हा वेळ मिळवून देते ती शिष्यवृत्ती. बाकी सगळे सत्कार. आणि त्या प्राध्यापकाने संगीत ज्या दारापर्यंत नेले, त्याच्या पुढच्या दारापर्यंत त्याच्या नावाची मदत पोचली पाहिजे. तसे झाले तरच तो वारसा पुढे गेला असे म्हणता येईल.

हा प्रश्न नवा नाही. आपल्याकडे ख्यालगायकी रुजली, तीच मुळी कुणी ना कुणी शिकणाऱ्याच्या पोटाची सोय केली म्हणून. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचा जन्म १८४९चा. गाणे शिकण्यासाठी त्यांनी केलेली पायपीट, धारला देवजीबुवांकडे केलेली सेवा, तिथून बाहेर पडावे लागल्यावरचे हाल आणि पुढे वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे मिळालेली तालीम हा सगळा इतिहास संगीताच्या जुन्या रसिकांना ठाऊक आहे. त्या काळी गरीब मुलगा वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. नाहीतर माधुकरी मागत असे. समाजाने केलेली ती शिष्यवृत्तीच होती. तिची किंमत मात्र मुलालाच मोजावी लागे: त्याचा अर्धा दिवस अन्नाच्या मागे जाई, आणि यजमानाची मर्जी फिरली की शिक्षणही थांबे.

बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी हे सारे जवळून पाहिले होते. लहानपणी दारूकामात डोळे अधू झालेल्या या मुलाला मिरजेच्या राजाश्रयामुळे बुवांकडे शिकता आले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा शुल्क भरून शिकणाऱ्यांबरोबर आणखी एक वर्ग ठेवला. त्या वर्गातली मुले महाविद्यालयातच राहत, जेवत आणि शिकत. त्यांच्याकडून पैसा घेतला जात नसे. ठरावीक वर्षे राहायचे, तयार व्हायचे आणि मग संगीताचा प्रसार करायचा, असा करार असे. पंडित ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, प्रा. बी. आर. देवधर ही नावे पलुस्करांच्या या शिष्यपरिवारातली आहेत. पुढच्या अर्ध्या शतकात हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण देशभर ज्यांनी उभे केले, त्यांतले कितीतरी जण त्या एका माणसाने पोसलेले होते.

पण याच कथेचा दुसरा भागही आपण लक्षात ठेवला पाहिजे. एवढ्या मुलांचा खर्च आणि महाविद्यालयाच्या मुंबईतल्या इमारतीचे कर्ज पलुस्कर मैफली करून फेडत राहिले. कर्ज फिटले नाही आणि अखेर इमारतीचा लिलाव झाला. देणाऱ्याची तळमळ कितीही मोठी असली, तरी तिच्यामागे पक्का निधी नसेल तर ती त्याच्या हयातीतच मोडून पडते. शिष्यवृत्तीचा हिशेब भावनेवर सोडायचा नसतो, तो यासाठी.

देवधरांनी १९२५मध्ये मुंबईत आपली संगीतशाळा काढली. दहा-अकरा वर्षांनी तिथे शिवपुत्र कोमकली नावाचा एक मुलगा आला, पुढचे कुमार गंधर्व. तो तिथे राहिला आणि शिकला. त्या शाळेत येणाऱ्या नामवंतांचे गाणे त्याच्या कानावर पडले आणि पुढे त्याने तिथेच शिकवलेही. रोख रक्कम किती मिळाली याला तिथे महत्त्व नव्हते. दिवसाचे सगळे तास संगीताचे होते, याला होते. देवधर स्वतः पदवीधर होते. पाश्चात्त्य संगीताचा त्यांनी अभ्यास केला होता आणि आवाजाच्या साधनेचा शास्त्रशुद्ध विचार ते करीत. त्यांच्याकडे आवाजसाधनेचे शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक म्हणजे अशोक दामोदर रानडे.

बाळकृष्णबुवा, पलुस्कर, देवधर, रानडे. एकाच धाग्यातली ही चार नावे. रानडे यांचे दुसरे गुरू गजाननबुवा जोशी. त्यांचे वडील अंतुबुवा हेही बाळकृष्णबुवांचेच शिष्य. म्हणजे दोन्ही अंगांनी रानडे त्याच घरचे. प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीच्या शिकण्याची सोय केली, म्हणून हा धागा तुटला नाही.

रानडे यांचा जन्म २५ ऑक्टोबर १९३७चा, निधन ३० जुलै २०११चे. मुंबई विद्यापीठाने संगीत केंद्र सुरू केले, तेव्हा त्याचे पहिले संचालक तेच होते. विद्यापीठात संगीत आणायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न त्या वेळी सुटलेला नव्हता. अनेकांना वाटे, की गुरूकडची तालीम वर्गात आणून तिला परीक्षा जोडली की काम झाले. रानडे यांचा विचार याच्या पुढे गेला. गाता येणे आणि गाण्याविषयी नीट बोलता येणे या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्याला आल्या पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. ऐकलेल्या गोष्टीचे नेमके वर्णन करता येत नसेल, तर ऐकणे अपुरे राहिले असे ते मानत. म्हणूनच हिंदुस्थानी संगीतातल्या संज्ञांवर त्यांनी वेगळा ग्रंथ लिहिला, मराठी रंगभूमीच्या संगीतावर लिहिले, स्ट्राविन्स्कीच्या सौंदर्यविचारावर मराठीत लिहिले आणि हिंदी चित्रपटगीतांकडेही त्याच गांभीर्याने पाहिले.

त्यांच्या विचारातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे भारतीय संगीताचे त्यांनी केलेले वर्गीकरण: आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम. यात कुणी पहिल्या पंगतीचे आणि कुणी शेवटच्या पंगतीचे नाही. प्रत्येक कोटीला स्वतःचे नियम, स्वतःची गरज, स्वतःचा श्रोता आहे. ‘लोकसंगीतशास्त्र’ हे त्यांचे पुस्तक १९७५चे. लोकसंगीतालाही शास्त्र असते, हे तेव्हा ठासून सांगावे लागत होते. बैठकीच्या लावणीवरचा त्यांचा कार्यक्रम आठवणाऱ्यांना माहीत आहे, की ती लावणी त्यांनी केवळ गंमत म्हणून रंगमंचावर आणली नव्हती. तिची अदा, तिची लय, तिचा शब्द यांतली कारागिरी त्यांनी श्रोत्यांपुढे उलगडली. विद्यापीठातल्या संगीताच्या प्राध्यापकाने याहून मोठे काय करायचे?

आता मला सांगा, अशा माणसाच्या नावाने शिष्यवृत्ती दिली आणि निवडीची एकमेव अट ‘ख्यालाची ध्वनिफीत पाठवावी’ अशी ठेवली, तर आपण त्याचा वारसा जपला का?

म्हणूनच मला हे व्याख्यान मुळशीत द्यायचे होते. या तालुक्यात संगीत नाही असे कुणी म्हणू शकेल का? कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा होतो. हरिनाम सप्ताहात रात्र-रात्र भजन चालते. भाताच्या लावणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बायांच्या ओव्या आजही कुठे कुठे ऐकू येतात. भजनाच्या आधी पखवाजवादक काय करतो, ते जवळून पाहा. कणीक भिजवतो, तिचा गोळा पखवाजाच्या डाव्या तोंडावर, म्हणजे धुमेवर, मधोमध थापतो, हाताने थाप देऊन ऐकतो. आवाज हलका लागला तर आणखी थोडी कणीक लावतो, जड झाला तर बोटाने काढतो. मग शाईकडची बाजू पेटीच्या किंवा गाणाऱ्याच्या स्वराला मिळवतो. भजन संपले की कणीक खरवडून टाकतो. नाद ओळखण्याचे, वजन आणि खर्ज यांचे नाते समजण्याचे हे शिक्षण त्या मुलाला कोणत्याही वर्गात मिळालेले नाही. ते त्याला वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून मिळाले. या मुलाची तयारी आपल्या प्रवेशपरीक्षेत मोजली जात नाही. त्याला रागांची नावे विचारली जातात आणि तो गप्प बसतो.

याच तालुक्यात उच्च शिक्षणाची मोठी केंद्रे आहेत. लवळ्याला सिम्बायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठे आहेत. कोळवणजवळच्या चिन्मय विभूतीत चिन्मय नादबिंदू हे संगीत-नृत्याचे निवासी गुरुकुल आहे. घाट उतरून पुण्यात गेले, की गणेशखिंडीत पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे. ते १९८७पासून गायन, वादन, नृत्य आणि नाट्य शिकवते. सोय दूर नाही. पण पिरंगुटच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या, किंवा हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये सुरक्षारक्षक म्हणून उभे राहणाऱ्या मुलाला ही सोय दिसते, पण मिळत नाही. आठ तासांची पाळी, दोन तासांचा प्रवास, उरलेल्या वेळात घर. रियाज कधी करायचा?

गाणे शिकणाऱ्याच्या दिवसाचा हिशेब मांडून पाहा. पहाटे खर्जाची साधना, निदान तासभर. दिवसा गुरूकडे तालीम, तीही एकट्याची नाही. बसून इतरांचे ऐकणे हाही तालमीचाच भाग. संध्याकाळी पलटे, बंदिशी, तबल्याबरोबर बसणे. तबलजीला मानधन द्यावे लागते. मोबाईलवरचा तानपुरा आज सगळेच वापरतात आणि त्यात काही वावगे नाही. पण मिरजेचा लाकडी तानपुरा मांडीवर घेऊन, घोडीवर तारेखाली सुती दोरा हळूच मागेपुढे सरकवून जवारी लावणे, त्या तारेतून उमटणारा गंधार ऐकू येईपर्यंत थांबणे, हे कानाचे शिक्षण यंत्रातून मिळत नाही. २०२४मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, आपल्याला आनंद झाला. तो तानपुरा विद्यार्थ्याच्या हातात पडेल, याची सोय कोण करणार?

बायकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक कठीण होतो. डॉ. प्रभा अत्रे यांचे उदाहरण पाहा. विज्ञान आणि कायदा या दोन्ही शाखांच्या पदव्या, सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडची किराणा घराण्याची तालीम, सरगमवर पीएचडी, आकाशवाणीची नोकरी आणि मग एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख. तिथून निवृत्त झाल्यावरही त्या थांबल्या नाहीत. पुण्यात स्वरमयी गुरुकुल, लेखन, नव्या बंदिशी, मैफली, २०२२मध्ये पद्मविभूषण. १३ जानेवारी २०२४ रोजी, एक्याण्णव्या वर्षी त्या गेल्या, तोवर गाणे चालू होते. त्यांच्या विभागात शिकलेल्या मुलींमध्ये लग्नानंतर पुन्हा शिकायला आलेल्या, घर सांभाळून तंबोरा हातात घेणाऱ्या किती असतील? आपल्या बहुतेक शिष्यवृत्त्यांना वयाची अट असते. केंद्र सरकारची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ या वयोगटासाठी आहे, दोन वर्षे, दरमहा ५,००० रुपये. ती उपयोगाची आहे, अनेकांना तिने आधार दिला आहे. पण पंचविशी ओलांडलेल्या, कडेवर मूल असलेल्या मुळशीच्या मुलीला तिचा काय उपयोग? ज्यांनी आयुष्यभर मुलींना शिकवले, त्यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीने तरी वयाची ही रेघ पुसायला हवी.

आता पैशांचे बोलू, कारण तिथेच चांगले हेतू अडकतात. विद्यापीठातल्या शिष्यवृत्तीची मूळ रक्कम सहसा बँकेत ठेव म्हणून राहते आणि व्याज वाटले जाते. समजा दहा लाख रुपये जमले आणि सात टक्के व्याज मिळाले. वर्षाला सत्तर हजार, म्हणजे महिन्याला पाच हजार आठशेच्या आसपास. एका विद्यार्थ्याला ते पुरते. पण महागाई वर्षाला पाच टक्क्यांनी वाढली, तर चौदा-पंधरा वर्षांत त्या रकमेची किंमत निम्मी होते. सगळे व्याज वाटले, तर निधी दरवर्षी झिजत जातो. म्हणून व्याजाचा एक भाग मुद्दलात परत घालण्याचा नियम पहिल्या दिवशी लिहून ठेवावा. पंचवीस विद्यार्थ्यांना दोन-दोन हजार वाटण्याऐवजी एका विद्यार्थ्याला तीन वर्षे दरमहा जगण्यापुरते द्यावे. दोन हजारांत कुणाची नोकरी सुटत नाही; नोकरी सुटली नाही तर वेळ मिळत नाही.

मला सुचलेल्या अटी आता एकत्र सांगते. पहिली, रक्कम वर्षातून एकदा समारंभात न देता दरमहा खात्यात जमा व्हावी. दुसरी, निदान तीन वर्षांची हमी असावी, कारण एका वर्षात आवाज बसत नाही आणि दोन वर्षांत राग हाताशी येत नाही. तिसरी, त्यात साथीदाराचे मानधन आणि वाद्याची सोय यांसाठी वेगळी तरतूद असावी. चौथी, वयाची अट नको आणि भजन, लावणी, पखवाज, ओवी, गोंधळ यांतून आलेल्या विद्यार्थ्याला त्याच्या तयारीनुसार तपासणारे परीक्षक हवेत. पाचवी अट सर्वांत महत्त्वाची वाटते. शिष्यवृत्ती घेणाऱ्याने त्या काळात आपल्या गावातले संगीत ध्वनिमुद्रित करावे, कुणी गायले, कधी गातात, कशासाठी गातात हे लिहून ठेवावे, आणि गायकाची परवानगी घेऊन ते विद्यापीठाच्या संग्रहात ठेवावे. पलुस्करांनी मोफत शिकवले तेव्हा बदल्यात प्रसाराची हमी घेतली. आपण ऐकण्याची आणि नोंदण्याची हमी घेऊ. रानडे यांच्या कामाशी हे अगदी मिळतेजुळते आहे. त्यांचा स्वतःचा संग्रह जपण्याचे काम पुण्यात झाले आहे. पुढच्या पिढीचा संग्रह अशा विद्यार्थ्यांनीच उभा करायचा.

मुळशीच्या बाबतीत हे काम एका कारणाने अधिक निकडीचे आहे. १९२१मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्यात उतरले, माणसे तुरुंगात गेली आणि तरीही धरण झाले. नीळा-मुळेच्या खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली, लोक पांगले. शेतजमिनीचा मोबदला किती, यावर भांडणे झाली, कागद झाले. गावागावातली गाणी, देवळातल्या चाली, सणांची लय कुणी मोजली नाही. त्या पाण्याची वीज मुंबईला गेली. मुंबईने याच काळात मोठी संगीतशाळा पाहिली, पुढे विद्यापीठाचे संगीत केंद्र पाहिले. त्या शहराच्या दिव्यांसाठी मुळशीने जमीन दिली आहे. मुळशीच्या मुलामुलींना संगीत शिकण्याची संधी देणे हा उपकार होणार नाही, ती फेड होईल.

असे निधी नव्याने शोधावे लागत नाहीत, उदाहरणे आहेत. सुरश्री केसरबाई केरकरांच्या नावाने मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या संस्थेमार्फत शिष्यवृत्ती दिली जात आली आहे. राज्य सरकारने भारतरत्न पंडित भीमसेन जोशी यांच्या नावाने तरुण गायक-वादकांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. पण थोर गायकांच्या नावाने देणे आणि अध्यापकाच्या नावाने देणे यांत फरक आहे. गायकाचे गाणे ध्वनिमुद्रिकांत राहते. अध्यापकाचे काम विद्यार्थ्यांच्या कानात आणि विचारात राहते. तिथे ते राहिले नाही, तर कुठेच राहत नाही. म्हणून अध्यापकाच्या नावाची शिष्यवृत्ती अधिक काळजीने आखावी लागते.

लवळ्याच्या विद्यापीठांना, पिरंगुट-हिंजवडीच्या उद्योगांना आणि इथल्या ग्रामपंचायतींना माझी विनंती एवढीच आहे, की एकत्र बसा. गावातल्या भजनी मंडळांच्या बुवांना त्या बैठकीत बोलवा, त्यांच्याकडून मुलांची नावे घ्या. संगीताच्या शिक्षकांना सोबत घ्या, नियम लिहा, निधी उभा करा. पाटी कुणाच्या नावाची लावायची यावर वाद घालत बसू नका. ते शेवटी ठरवता येईल. रानडे आणि अत्रे यांच्यासारख्या अध्यापकांनी उभे केलेले काम पुढे कोण नेणार, हे मुळशीतला एखादा मुलगा किंवा मुलगी येत्या तीन वर्षांत रोज किती तास गाऊ शकते, यावर ठरणार आहे. ते तास देणे आपल्या हातात आहे, आणि ते याच वर्षी द्यायला हवेत.